वंदनाने बंद केलेला पूल

फोन राजनचा होता, वंदनाच्या धाकट्या भावाचा. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग नुसता भोंग्याचा आवाज येत राहिला… ॲम्ब्युलन्स अजून भायखळ्यालाच अडकली होती. आमच्या घोडपदेवहून परळच्या हॉस्पिटलात जायला रुळांवरचा पूल होता. तो बंद असल्यामुळे वळसा पडतो. आणि तो पूल बंद करायला लावला होता वंदनानेच. महिना उलटून गेला, पण अजून हे मला पचत नाही.

आम्ही दोघी एकाच चाळीत वाढलो. ती इंजिनिअर झाली, जुने पूल तपासू लागली, तेव्हा मी विचारलं होतं, "वंदे, सिमेंटचा पूल म्हणजे दगडच की. त्याला काय होणार?" ती म्हणाली, "त्या दगडाच्या पोटात लोखंड असतं गं. पाणी झिरपतं, समुद्राची खारी हवा आत शिरते, लोखंड गंजतं. आणि गंजलं की फुगतं, आतूनच काँक्रीट फोडतं. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो." चांगलं काँक्रीट हातोडीखाली खणखणतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं.

असा बद्द वाजलेला एक पादचारी पूल बंद करा, असं तिने लिहून दिलं होतं. अधिकाऱ्यांनी वरवर गिलावा मारला, रंग दिला आणि तो चालू ठेवला. पुढे एका सकाळी त्याचा तुकडा सुटला आणि खाली गजरे विकत बसलेली बाई जागीच गेली. चौकशीत साहेबांनी वंदनालाच विचारलं, "एवढं गंभीर होतं, तर मॅडम, तुम्ही जोर का नाही लावला?" त्या संध्याकाळी ती गॅलरीत माझ्याशेजारी बसली होती. "माझी चूक नाही, कळतंय मला… पण त्या बाईच्या मुलीला हे काय म्हणून सांगू?"

म्हणून आमच्या पुलाखालीही हातोडी बद्द वाजली, तेव्हा ती अहवाल देऊन थांबली नाही. साहेबांच्या केबिनींबाहेर ठाण मांडून बसली. पूल बंद झाला. लवकरच नवा बांधू, म्हणाले. निविदा निघाली, रद्द झाली, पुन्हा निघाली… पुलाच्या तोंडावर ठोकलेले पत्रेसुद्धा गंजले. चाळीतली माणसं तिला तोंडावर बोलू लागली. "पडला तर नाहीच ना? उगाच आमचे हाल केलेस," शेजारच्या काकू म्हणाल्या. वंदना घरात आली आणि मला म्हणाली, "न पडलेल्या पुलाचा पुरावा कुठून आणू गं?"

त्या दुपारी तिच्या छातीत कळ आली. राजन सांगतो, त्या पत्र्यांपाशी गाडी वळली तेव्हा ती शुद्धीवर होती. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "कोणी बंद करून ठेवलाय काय माहीत." वंदनाने डोळे उघडले आणि ती म्हणाली, "मी." तिचा तोच शेवटचा शब्द. लवकर पोचली असती तरी काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. खरं असेल, किंवा आमच्यासाठी म्हणाले असतील.

पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला सगळे आले, भरभरून बोलले. त्या काकूही रडल्या. पुलाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेले. दाराआड तिचे साइटवरचे बूट तसेच होते, एक आडवा पडलेला, तळव्यांना करडी धूळ. "आत ठेव ना रे," मी म्हटलं.

"पूल झाला की ठेवीन," राजन म्हणाला.

मी वाकून दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी लावले.