भुवईतला कापूस

कपाट आवरायला काढलं आणि दोन वह्या बाजूला करेपर्यंतच दमले. खालून ती जाडजूड रशियन कादंबरी निघाली. उघडली, तर पानांना अजून तोच शाईचा आणि डिंकाचा वास. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. सोलापुरात पुस्तकांची गाडी आली होती, तिथं हिचं मराठी भाषांतर मिळालं. यातली बाई प्रेमासाठी घरदार सोडून भर बर्फात निघते. मी वीस वर्षांची होते. प्रेम म्हणजे हेच, बाकी नुसता संसार, असं ठरवून मोकळी झाले.

एका संध्याकाळी तेच बर्फातलं पान वाचत होते. गिरणीचा भोंगा झाला आणि थोड्या वेळानं अण्णा आले, केसांत-भुवयांत कापूस घेऊन. रोजच्यासारखं आईनं त्यांना पायरीवरच बसवलं.

“हलू नका की. भाकरीत पडतंय सगळं,” म्हणत ती ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसू लागली. अण्णा डोळे मिटून बसले होते.

“आई, तुझं प्रेम हाय का गं अण्णांवर?”

“लई पुस्तकं झाली तुजी,” ती मला म्हणाली, आणि अण्णांना, “तोंड वर करा वो.”

मला तिची कीव आली.

त्याच आठवड्यात गिरणीतलाच एक मुलगा मला बघायला आला, कामाची पाळी संपवून थेट. आईबाप नव्हते, एकटाच राहायचा. फारसं बोलला नाही. मी नकार दिला. पुढं कुणासाठी बर्फात निघायची वेळ काही आली नाही.

आता त्याचं नावही धड आठवत नाही. चहा देताना त्याच्या डाव्या भुवईत कापूस दिसला होता, तेवढा आठवतो. तो पुसायला त्याच्या घरी कुणी नव्हतं.