कोरियन गाण्यांचं रजिस्टर

माझ्याकडं एक रजिस्टर आहे. शाळेतून उरलेलं, लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं. त्यात कोरियन गाण्यांचे गुण आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय बेचाळीस, आणि मला कोरियन भाषेतला एकही शब्द कळत नाही. तरी प्रत्येक गाण्यापुढं 'आशय' या रकान्यात मी लाल पेनानं दहापैकी आकडा टाकलेला आहे.

हे वेड घरात आणलं माझ्या धाकट्या जावेनं. लग्न होऊन ती सास्तूरला आली तेव्हा तिच्या फोनमध्ये बारा-पंधरा वर्षांपूर्वीची शंभरेक कोरियन गाणी व्हिडिओसकट होती, तिच्या शाळा-कॉलेजच्या काळातली. सकाळी आम्ही दोघी भाकरी करायचो. मी थापायची, ती भाजायची, आणि फोन पिठाच्या डब्याला टेकून गात असायचा. पहिले आठ दिवस मी नाक मुरडलं. नवव्या दिवशी म्हणाले, "ते कालचं लाव की, शेवटी आवाज चढतो ते." पंधराव्या दिवशी रजिस्टर आलं, कारण मला कुठलीही गोष्ट आवडली की तिला गुण दिल्याशिवाय चैन पडत नाही.

नियम अर्थातच मीच केले. चाल, आवाज, नाच, आशय. गाणं जुनंच हवं, कारण आताची गाणी अडीच मिनिटांत संपतात आणि दुसरी भाकरी परातीतच राहते. जुन्या गाण्यात दोन नीट होतात. मधे रॅप घुसडला की एक गुण कमी. शेऱ्यात मी 'प्रयत्न स्तुत्य', 'आरडाओरड टाळावी' असं काहीबाही लिहायची. आकडा सांगून जावेकडं बघायची. ती भाकरी उलटत म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं, अक्का."

दोन वर्षं ती हेच म्हणाली आणि दोन वर्षं मी समजत राहिले की आमची आवड तंतोतंत जुळते. या घरात मला चौदा वर्षं झाली. सगळे चांगले आहेत, पण मनातलं बोलावं असं कुणी नव्हतं. ते माणूस आता मिळालं, अशी माझी खात्री झाली होती. शाळेतल्या बायकांना मी ऐटीत सांगून आले होते, जाऊ असावी तर अशी, शंभर गाण्यांत एकदाही मतभेद नाही. थोरलीला धाकटी 'नाही' म्हणत नसते, ही साधी गोष्ट मी कधी धाकटी नसल्यामुळं माझ्या डोक्यातच आली नाही.

एका सकाळी ती थापायला बसली होती. हात पिठात. "अक्का, आज तुम्हीच लावा गाणं," म्हणाली. मी फोन उघडला तर एक यादी दिसली. नाव होतं 'फक्त माझी'. बघायला नको होती, पण बघितली. तीस गाणी होती. पियानोजवळ बसून रडणाऱ्या माणसाचं ते संथ गाणं, ज्याला मी साडेनऊ देऊन पहिला नंबर दिला होता, त्यात कुठंच नव्हतं. सगळ्यात वर होतं गॅरेजमध्ये नाचणाऱ्या सात पोरींचं. त्याला माझे गुण तीन. शेरा, 'पत्र्यावर भांडी पडल्यासारखे'.

मी चार दिवस फुगून बसले. रजिस्टर बंद, फोन बंद, नुसता भाकरी थापल्याचा आवाज. वर्गात पोरांना रुसू नका म्हणून सांगणारी बाई ती मीच. खरं तर मी घाबरले होते. हिनं मला मैत्रीण मानलंच नसेल, नुसतं थोरली जाऊ म्हणून सांभाळून घेतलं असेल, तर दोन वर्षं मी एकटीच बोलत होते.

पाचव्या दिवशी न राहवून विचारलं, "त्या सात पोरींच्या गाण्याला तुझे किती?"

"तुम्ही म्हणाल तसं, अक्का."

"तसं म्हणायचं न्हाय. खरं सांग. मी सांगते म्हणून सांग." विरोध करण्याचाही मी हुकूमच सोडला.

तिनं विचार केला. "साडेतीन."

म्हणजे माझ्यापेक्षा अर्धा गुण जास्त. मी पिठाचे हात पुसून रजिस्टर उघडलं आणि लाल पेन घेतला. मग ती तव्याकडं बघत म्हणाली, "दहा. बारावीला नापास झाले तवा दार लावून महिनाभर हेच गाणं ऐकलं, अक्का. तुम्ही तीन दिले ना, त्या दिवशी धुणं काढायला म्हणून गच्चीवर गेले होते. वर धुणं न्हवतंच."

तोंड कुठं लपवावं ते मला कळेना. "लाव ते," मी म्हणाले. दोघींनी पूर्ण ऐकलं. ते आवडावं म्हणून मी फार प्रयत्न केला. लाजेखातर सात-आठ गुण टाकून मोकळं होता आलं असतं, पण मग मीही तेच केलं असतं जे ती दोन वर्षं करत होती.

"मला अजून बी न्हाय आवडलं," मी म्हणाले.

"मग नका आवडून घेऊ. पण तुमच्या त्या रडक्याला मी चार देते."

"चार? अगं, शेवटी आवाज कसा चढतो त्याचा."

"चढतो कुठं, किंचाळतो. चार बी लई झाले." आणि तिनं माझ्या हातातला पेन काढून घेऊन माझे साडेनऊ खोडले.

माझा संताप संताप झाला. तव्यावरची भाकरी करपली, शाळेला उशीर झाला, तरी चपला घालता घालता मी तिच्याशी हुज्जत घालत होते, आणि ती दारापर्यंत येऊन उलट उत्तर देत होती. इतकं बरं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.