जिता की मेला

पुंडलिकराव पटवाऱ्याची लाल शाई अजून माझ्या डोळ्यांत खुपते. अनसिंगजवळच्या आमच्या गावी तो चावडीत बसायचा आणि जमिनीच्या फेरफाराच्या वहीतली एक ओळ कोणाला खोडू द्यायचा नाही. नोंद नामंजूर झाली की तिला लाल कंस करायचा आणि खाली नवी लिहायचा. "खोडाले हात लावला तं मनगट मोडीन," हे त्याचं बोलणं. माणूस चांगला होता असं मी म्हणणार नाही.

माझे वडील, आबा, वारले. तीन एकर वावरावर माझं नाव चढायचं होतं. पहिल्याच नोंदीत पटवाऱ्यानं आबांचं नाव मोतीरामऐवजी मारोती लिहिलं. मारोती माझा चुलता, आणि त्याचा पोरगा दत्ता वावरावर टपलेलाच; ती नोंद टिकली असती तर वावर त्याच्या घशात गेलं असतं. ती नोंद नामंजूर झाली. दुसरीची नोटीस कोणाला पोचली नाही, तीही गेली. तिसरी मंजूर झाली. म्हणजे वहीत मी तीनदा, त्यात दोनदा मेलेला.

"फाडून फेका ना तो कचरा," मी म्हणालो.

"कचरा तुह्या घरी. इथं कागद हाय."

अशा मेल्या नोंदींनी वही इतकी फुगली की शिवण उसवली. पुढं सातबारे नव्यानं उतरवायचे निघाले. जित्या नोंदी तेवढ्या घ्यायच्या. ज्यानं त्यानं आपल्या नोंदीवर बोट ठेवून वाचायचं आणि जिता की मेला ते सांगायचं, ही त्याची रीत. चावडी भरलेली. दत्ताही होता.

मी दुसरीपर्यंत शिकलेलो, सही ऐटीत करायचो. पण ओलीनं पहिल्या नोंदीचा कंस विटला होता. मी तिच्यावरच बोट ठेवलं. "नामदेव मोतीराम. जिता!"

"लिहा साहेब," दत्ता गालात हसला. "तो म्हंते तं जिताच."

पटवाऱ्यानं टाक खाली ठेवला. "नामदेवा, हे मारोती हाय. वाचता येत नाई तं काहून मिरवून राह्यला?"

सगळे हसले. "शाई तुमची विटली!" मी ओरडलो.

"शाई विटली, अक्षर नाई विटलं. बापाचं नाव वाच."

माझं बोट धरून त्यानं तिसऱ्या नोंदीवर दाबलं आणि भर चावडीत एकेक अक्षर वदवून घेतलं. दत्ताचं हसू गेलं. मगच त्यानं टाक उचलला.

त्या दिवसापासून मी त्याला रामराम घातला नाही. पुढं तो बदलीवर मंगरूळपीरला गेला, तिथंच वारला. मयतीला निघालेले लोक फाट्यावर बसची वाट पाहत होते. मी त्यांच्यासमोरून वावरात गेलो.

सातबारा मी दरसाल आणतो. कोणी वाचून देतो म्हटलं तर हातात देत नाही. बोट ठेवतो. मो, ती, रा, म. जिता.