मेलेल्या ताऱ्याभोवतीची पोकळी

वेधशाळेत त्याला सगळे शंकासुर म्हणत. हाताखालच्या माणसाने प्रश्न विचारला की असं एखादं नाव ठेवून द्यावं, म्हणजे उत्तर द्यायची कटकट मिटते.

आकाशातल्या हायड्रोजनचे नकाशे काढणं हे त्याचं काम. एक तारा फार पूर्वी फुटला होता. त्याचे अवशेष रेडिओ लहरींत अजून धगधगत होते आणि भोवती थंड हायड्रोजन पसरलेला. अवशेषांच्या जागी मात्र नकाशात नुसता काळा डाग. वेधशाळेचे प्रमुख असलेले सर हरखले. मरण्याआधी ताऱ्याने वायू दूर लोटला, ही त्याचीच पोकळी, असं त्यांनी जगजाहीर करून टाकलं. सत्कारही झाले.

शंकासुराने मुळातले आकडे काढले, तर डागातले आकडे शून्याच्याही खाली. शून्य आणि त्याखालचं सगळं एकाच काळ्या रंगात रंगवायची तिथली पद्धत, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो तडक सरांच्या खोलीत गेला.

"सर, डबा रिकामा असला तर साखर शून्य भरेल. शून्याहून कमी कशी भरेल? वायू आहे तिथे. तो अवशेषांच्या पुढ्यात आहे आणि त्यांचा उजेड गिळतोय. नकाशात वायूच तेवढा उरावा म्हणून आपण अवशेषांचा उजेड वजा करतो, पण गिळलेला भाग न सोडता पुरता वजा करतो, म्हणून आकडा शून्याखाली जातो. पोकळीबिकळी काही नाही."

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "तुला नोकरीत कायम करायची शिफारस मीच लिहायची आहे ना?"

घरी त्याची बायको म्हणाली, "अहो, थोडं नमतं घ्या. नोकरी पक्की झाली की मग काय ती शंका काढा." तिचं काही चुकलं नव्हतं. पण याच्या जिभेला हाड नाही. पुढच्याच बैठकीत त्याने चारचौघांत तोच प्रश्न विचारला. शिफारस आली नाही. दुसऱ्या वेधशाळांनी सरांकडेच चौकशी केली आणि तीही दारं बंद झाली. तेव्हापासून तो एका शिकवणीत उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्यांची गणितं शिकवतो.

पुढे परदेशातली काही मंडळी ही चूक छापणार अशी कुणकुण लागली. सरांनी त्यांच्या आधी स्वतःच लेख छापला: पोकळी नव्हती, ती माझी चूक. झालं! स्वतःची चूक कबूल करणारा केवढा मोठा माणूस म्हणून त्यांचा पुन्हा सत्कार ठरला.

शंकासुरही त्या सत्काराला गेला. आपलं नाव एकदा तरी घेतील, एवढीच वेडी आशा. भाषण संपलं, नाव आलं नाही. संताप गिळून तो निघाला, तेवढ्यात सरांनीच त्याला गाठलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"तुला तेव्हाच कळलं होतं रे. मग जरा ठासून सांगायचंस ना! माझी इतकी वर्षं फुकट घालवलीस."

भोवतीची मंडळी शंकासुराकडे चोर सापडल्यासारखी बघू लागली.