हिरवं कापड मीच अंथरलं

द्राहोमीरा पेशातोवा या बाईचा मला अजून राग येतो, आणि तिच्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. मी अनेझ्का, शाळेतली स्वयंपाकीण. तिने या शाळेत तीस वर्षं रशियन शिकवलं आणि मी तीस वर्षं तिच्या ताटात शेपूचं सार वाढलं. मग कम्युनिस्टांचं सरकार पडलं आणि रशियन कुणालाच नकोसं झालं. पोरांना नको, आईबापांना नको, हेडमास्तरांना तर त्याचं नावही नको. सगळ्यांना आता इंग्लिश पाहिजे. रशियनच्या बाईंना सांगितलं गेलं, दीड वर्षात इंग्लिशची परीक्षा पास व्हा आणि वर्गावर राहा. नाहीतर वर्ग सोडा.

ती मुदत संपल्यावरही द्राहोमीराला पेन्शनला एक वर्ष कमीच पडत होतं. नवरा नाही, मूलबाळ नाही. वर्ग सोडून ही बाई जाणार कुठे?

छप्पन्नाव्या वर्षी ती एबीसीडी शिकायला बसली. बसायची माझ्याच स्वयंपाकघरात, बटाटे सोलायला मदत म्हणून. परीक्षेला वीस विषय, वीस चिठ्ठ्या. वाडग्यातून एक उचलायची आणि त्यावर बोलायचं. सातवा विषय होता 'तरुण पिढी', आणि तिने त्याचाच धसका घेतला होता. वहीत दोन रकाने आखले होते, डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे आमच्या चेक भाषेतले. मी चेक वाचायची, ती इंग्लिश सांगायची.

"मिसरूड न फुटलेला पोरगा?"

"लॅड."

"वाढत्या अंगाचा टोणगा?"

"असं कुठे लिहिलंय? नीट वाच की गं!"

"'टीनएजर'समोर हे काय लिहिलंयस? नात्स्तीलेती? असलं पुस्तकी चेक कोण बोलतं? माझ्या नातवाला असं म्हटलं तर तो घर सोडून जाईल."

"मग तू काय म्हणतेस त्याला?"

"शिंगं फुटलेला गाढव!"

ती इतकी हसली की बटाटा हातातून निसटून बादलीत पडला. चाळीसेक शब्द असतील, सगळे तोंडपाठ. तिचे झाले आणि तिच्यामुळे माझेही झाले.

अशाच एका दुपारी तिने मला तिचं तरुणपण सांगितलं. ओढ्यावर वडिलांची पाणचक्की होती. पिठाच्या पोत्यांवर झोपायचं, अंगणात बदकं, आणि त्यातलं एक इतकं खाष्ट की पोस्टमनला फाटकाच्या आत येऊ द्यायचं नाही. चक्की सरकारजमा झाली तेव्हा ही सतरा वर्षांची होती. शाळेत कमिटी बसली. त्यातल्या एकाने अगदी मायेनं विचारलं, "सांग बाळ, तुझं लहानपण कसं गेलं?" हिने भाबडेपणानं सगळं सांगितलं, चक्की, पोती, बदकंसुद्धा. ते हसले, मान डोलावली, आणि सगळं लिहून घेतलं. आठ दिवसांनी हिचं नाव शाळेतून काढलं. पिळवणूक करणाऱ्याची मुलगी म्हणून! मग दोन वर्षं वीटभट्टी. पुढे रशियनच्या शिक्षकांचा तुटवडा पडला म्हणून कसंबसं शिकायला मिळालं.

"टेबलावर हिरवं कापड होतं," ती म्हणाली. "मी बोलताना त्याच्याकडेच बघत होते."

मी ऐकलं आणि पुढचा बटाटा उचलला.

परीक्षा आमच्याच शाळेत ठेवली. पाहुण्यांसाठी मी सकाळपासून पावाच्या कापांवर बटाट्याचं सॅलड, हॅम, अंडं आणि लोणच्याची काकडी रचत होते. हेडमास्तर म्हणाले, "टेबल चांगलं आहे, कापड कशाला?"

"हिरव्या कापडाशिवाय परीक्षा? पत्ते कुटायला येतायत का ते?" मी म्हणाले. आमच्याकडे मोठी परीक्षा म्हटली की हिरवं कापड हवंच. कपाटाच्या तळातून काढलं, धुतलं, इस्त्री केली आणि स्वतःच्या हाताने अंथरलं. जळले मेले माझे हात!

तिघे जण होते. दोघं जिल्ह्याहून आलेली, आणि एक इंग्लंडचा कोवळा मास्तर, केस विंचरायचं विसरून आलेला. पाच काप खाल्ले त्याने. मी कॉफी घेऊन आत गेले, तेवढ्यात द्राहोमीराने वाडग्यात हात घातला. सात नंबर! माझ्या हातातला ट्रे उडायचाच बाकी होता. मुद्दाम कप लावत तिथेच रेंगाळले. तिने सुरुवात केली आणि सगळे शब्द वहीतल्यासारखे ओळीने आले, एकही सुटला नाही. जिल्ह्याची बाई मान डोलवायला लागली.

मग त्या पोराने पेन्सिल खाली ठेवली आणि हसून काहीतरी विचारलं. 'यू' आणि 'यंग' एवढं मलाही कळलं. तुम्ही तरुणपणी कशा होतात, एवढंच त्याला हवं होतं.

द्राहोमीराने खाली बघितलं. कापडाकडे.

"आय हॅव नथिंग टू से."

त्याला वाटलं, कळलं नसेल. त्याने सावकाश, गोड आवाजात परत विचारलं. परत तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती उभी राहिली, हात अंगाला चिकटवून, शाळकरी पोरीसारखी, आणि चेकमध्ये म्हणाली, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

निकालावर लिहिलं होतं, शब्दसंग्रह उत्तम, संभाषण करू शकत नाही, नापास.

स्वयंपाकघरात मी तिला फाडून खाल्लं. "अगं बये, ते खाष्ट बदक तरी सांगायचंस! पोरगं पोट धरून हसलं असतं!"

"तो चांगला मुलगा आहे हे कळत होतं गं मला," ती म्हणाली. "तोंडच उघडेना." मग म्हणाली, "कापड तू अंथरलंस ना? इस्त्री छान केली होतीस."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले असते. तिला खरंच माझी मेहनत दिसली होती.

शेवटचं वर्ष काढायला तिला कोटघर दिलं. मुलांचे कोट टांगायचे, बूट मोजायचे, तीन वाजता जाळी ओढायची. वही तिने मला दिली, म्हणाली, नातवाला होईल. नवीन इंग्लिशच्या बाई तिचीच जुनी विद्यार्थिनी. स्वतःचा कोट द्राहोमीराच्या हातात देताना त्या बाईंची नजर भलतीकडेच असायची.

परवा सहावीतली एक मुलगी कोट घ्यायला आली. मीही तिथेच होते.

"बाई, आम्हाला इंग्लिशमध्ये लिहायचंय, एखादं म्हातारं माणूस तरुणपणी कसं होतं ते. माझी आजी लांब राहते. तुमचं सांगाल?"

द्राहोमीराने तिच्या कोटाचं बटण लावलं. "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही बाळ."

मला राहवलं नाही. "काही नाही काय! हिची ना, ओढ्यावर एक पाणचक्की होती, आणि एक बदक..."

"अनेझ्का," ती म्हणाली, "तुझं सूप उतू जातंय. जा."

अडीच वाजले होते. माझी सगळी भांडी केव्हाच घासून पालथी घातलेली होती. मी मुकाट्याने सूप बघायला गेले.