प्लॅस्टिकचा कॉम्प्रेसर

कॅसेटी जाऊन सीडी येत होत्या त्या सुमाराची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचं एक पेरं गेलं. चार महिन्यांनी कामावर परतलो, पण आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात पुन्हा गिटार धरली तेव्हा खरा घोळ कळला. गिटारची सगळ्यात बारीक तार याच बोटाने छेडायची. आता ती छेडली तरी आवाज इतका क्षीण, की ढोलकी आणि कीबोर्डमध्ये पार गडप व्हायचा.

म्हणून मी कॉम्प्रेसर पेडल घेतलं. पायाशी ठेवायचा छोटा डबा. गिटारचा जोरात आलेला सूर तो दाबतो, हळू आलेला वर उचलतो. माझं पेडल स्वस्तातलं होतं आणि ते लपतही नव्हतं. कवच प्लॅस्टिकचं, पाय दिला की करकरायचं. बॅटरी भसाभस खायचं. गाणं थांबलं की स्पीकरमधून पंपाच्या स्टोव्हसारखी फुसफुस. पण ती बारीक तार ऐकू यायची. किंचित बोथट, पण यायची. बाकीचे दोष गेले खड्ड्यात.

ऑर्केस्ट्रा चालवणारे कीबोर्डवादक आमच्यात ज्येष्ठ. नाशिक रोडच्या एका कॉलनीतला गणपतीचा कार्यक्रम तोंडावर आला, तेव्हा सरावात म्हणाले, "तो डबा काढ. हात कमी पडतोय, ते झाकतोस तू. लबाडी आहे ही."

माझं डोकं फिरलं. "दादा, तुम्ही चष्म्याशिवाय वहीतले कॉर्ड वाचून दाखवा. मी लगेच डबा काढतो."

मी पेडल बंद करून एका गाण्याची सुरुवात वाजवली. मधले मधले सूर गायब. मग पेडल चालू करून तीच वाजवली. फुसफुस आली, आणि सूरही सगळे आले.

"फुसफुस डब्याची आहे," मी म्हणालो. "सूर माझे आहेत. कुठली तार कधी छेडायची, ते त्याला कळत नाही."

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "बरं, वाजव. पण जरा मागे बस, पडद्याच्या बाजूला. लोकांचं त्या डब्याकडे लक्ष जातं. हाताकडेही."

खरं सांगायचं तर वर्षभर मी स्वतःच तसं वागत होतो. बसमध्ये, लग्नात, घरी पाहुणे आले तरी उजवा हात खिशात. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला स्वतःचाच संताप आला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी खुर्ची ओढून स्टेजच्या अगदी कडेला मांडली. पेडल तिच्याही पुढे, दिव्याच्या उजेडात. गाण्याआधी सगळी वाद्यं थांबली आणि मंडपभर फुसफुस ऐकू आली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. त्यांचं पाहून होईपर्यंत मी थांबलो. मग पहिला सूर त्याच बोटाने छेडला.