मास्तरांच्या गाडीचा विमा

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. त्या भागातले निम्मे लोक त्यांच्याकडूनच शिकलेले. समोरचा कितीही घाबरट असो, मास्तरांचा आवाज कधी चढला नाही. बायको मात्र शेजारी बसली की उगाच पायाने ब्रेक दाबत राहायची. "सगळ्या गावाला पास करता, पण माझा नाही बाई भरवसा," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

गेल्या हिवाळ्यात तिचे डोळे तपासून दोघं घरी येत होते. चौकात हिरवा दिवा लागला. मास्तरांनी सवयीने दोन्हीकडे पाहिलं, मगच गाडी पुढे घेतली. तरीही सिग्नल तोडून भरधाव आलेला टेम्पो तिच्या बाजूच्या दारावर आदळला. मास्तरांचं मनगटाच्या प्लास्टरवर भागलं. ती दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

जावयाने धावपळ करून विम्याचा क्लेम केला. गाडी नवं दार लावून, चकचकीत होऊन परत आली. मास्तरांनी तिच्यावर कापड टाकलं आणि शिकवणं बंद केलं.

विमा संपत आला तेव्हा कंपनीतून फोन आला. हप्ता जवळजवळ दीडपट झाला होता. इतकी वर्षं क्लेम नव्हता म्हणून मिळणारी सूट आता गेली होती.

जावई भडकला. "चूक त्या टेम्पोवाल्याची आणि भुर्दंड आपल्याला? बाबा, दुसरी कंपनी बरंच कमी सांगतेय. नाहीतर गाडी विकूनच टाकू. नुसती उभी तर आहे."

"नको," मास्तर म्हणाले. "मागताहेत तेवढे देऊन टाकू."

"अहो, पण कशासाठी?"

मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. जावई वैतागून गॅलरीत गेला. मुलगी तिथेच, त्यांच्या पायाशी बसून राहिली. ते हळूच म्हणाले, "पोलिसांनी सांगितलं, तुमची चूक नाही. डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, तूसुद्धा तेच सांगितलंस. सगळ्यांनी मला लगेच सोडून दिलं गं. गाडी मी चालवत होतो. कुणीतरी माझ्याकडून काहीतरी घ्यायलाच हवं होतं."

मुलीने त्यांचं ते दुखरं मनगट हातात घेतलं.

"बाबा, हा दंड नाहीये. क्लेम केला की सगळ्यांचेच हप्ते वाढतात. त्या लोकांना आपली आई माहीतसुद्धा नाही."

"तेच तर. माहीत असती तर त्यांनीही मला सोडून दिलं असतं," मास्तर म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हमसून हमसून रडले. आवाज ऐकून जावई दारापर्यंत आला आणि तसाच मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी जावयाने जुन्याच कंपनीला, ते सांगतील तेवढे पैसे भरले.

त्या रविवारी मुलीने गाडीवरचं कापड काढलं. "बाबा, चला, बाजारात जाऊन येऊ." मास्तर चालकाच्या दारापाशी गेले, हँडलला हात लावला, पण दार उघडवेना. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. शेजारच्या सीटकडे न पाहता ते मागे जाऊन बसले.

तिने सावकाश गाडी बाहेर काढली. तो चौक जवळ आला तशी तिने मुकाट्याने लांबच्या रस्त्याला गाडी वळवली. मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.